भारी इंग्रजी

ज्यांनी कधीकाळी जीआरईचा, म्हणजे अमेरिकेत पुढे शिकायला जाण्यासाठीच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास केला आहे त्यांना 'ए'पासून सुरू होणारे इंग्रजी शब्द विलक्षण येतात. 'अबेट', 'अबेरंट', 'ॲक्रिमनी', 'ॲलॅक्रिटी'. 'बी'पर्यंत गाडी जोरात असते. 'सी' लांबलचक असल्यामुळे तिथे दमछाक होते, 'एम'च्या आसपास कॉलेजची सबमिशन्स येऊन ठेपतात आणि 'एस'च्या पलीकडचा मुलूख बहुतेकांनी परीक्षेच्या आदल्या रात्री नुसता चाळलेला असतो. माझ्या पिढीतल्या इंजिनिअरांचं इंग्रजी असं वर्णमालेच्या एका अंगाला कललेलं आहे. मीटिंगमध्ये कुणी 'ॲमेलिओरेट' म्हणालं की मला कळतं, हा आपल्यातला.

नव्वदच्या दशकात पुण्यात ही यादी मिळवायला फार खटपट लागत नसे. वरच्या वर्गातलं कुणीतरी अमेरिकेला गेलेलं असे, त्याच्या पुस्तकाची झेरॉक्स हॉस्टेलमधून फिरत असे, आणि नाहीच मिळालं तर पुस्तकांच्या दुकानांचा आप्पा बळवंत चौक होताच. पाठांतरासाठी कार्डं लागत. ती विकत आणणं आमच्या घरी उधळपट्टीत मोडलं असतं, म्हणून जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर शब्द लिहायचे. एका बाजूला 'ऑब्स्टिनेट', उलटं केलं की 'आमचे येथे श्रीकृपेकरून'.

परीक्षाच तशी होती, त्यामुळे पाठांतराला कुणी हसू नये. एक शब्द मोठ्या लिपीत, खाली पाच पर्याय, त्यांतला विरुद्धार्थी ओळखा. नाहीतर शब्दांची एक जोडी द्यायची आणि तसंच नातं असलेली दुसरी जोडी निवडायला सांगायची. वाक्य नाही, संदर्भ नाही, बोलणारा कोण आणि कुणाशी बोलतोय हेही नाही. गणिताच्या भागात आमची पोरं आठशेपैकी आठशेच्या आसपास घिरट्या घालायची आणि शब्दांच्या भागात मराठी माध्यमातल्या भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. ऑगस्ट २०११मध्ये परीक्षेचं रूप बदललं. विरुद्धार्थी गेले, जोड्या गेल्या, २०० ते ८०० गुणांची जुनी पट्टी जाऊन १३० ते १७० आली. आता वाक्यात मोकळी जागा असते, आणि एका प्रकारात सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे असतात की दोघांनीही वाक्याचा अर्थ सारखाच व्हावा. म्हणजे सुटा शब्द विचारण्यात अर्थ नाही, हे परीक्षेने मान्य केलं. याद्या मात्र तशाच राहिल्या. आता त्या मोबाइलमध्ये असतात आणि रोज सकाळी एक शब्द घंटी वाजवून हजर होतो, एवढाच फरक.

पाठ केलेलं विसरतं कसं, याचा पहिला पद्धतशीर हिशेब हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ साली मांडला. प्रयोग त्याने स्वतःवरच केले, आणि पाठांतरासाठी मुद्दाम अर्थ नसलेली अक्षरं निवडली, म्हणजे आधीच्या ओळखीची मदत होऊ नये. सुरुवातीला भराभर विसरायला होतं, मग विसरण्याचा वेग मंदावतो, आणि मधे अंतर ठेवून उजळणी केली तर स्मरण टिकतं. १९७२ साली सेबास्टियन लाइटनरने त्यावर खोक्यांची पद्धत बसवली: आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलेलं परत पहिल्यात. आजची शब्दांची ॲप्स याच तत्त्वावर चालतात, आणि ती चालतात यात शंका नाही. मला खटकते ती दुसरीच गोष्ट. एबिंगहाउसने निरर्थक अक्षरं घेतली ती प्रयोगाच्या सोयीसाठी. आम्ही अर्थ असलेले, माणसांच्या तोंडून शतकानुशतकं फिरलेले शब्द घेतले आणि बरोबरची माणसं काढून टाकून त्यांना जवळजवळ तसंच करून ठेवलं.

आमच्या सोसायटीतली एक मुलगी मास्टर्ससाठी बाहेर जायची तयारी करत होती. अर्जाबरोबर जोडायचं स्टेटमेंट ऑफ पर्पज तिने मला वाचायला दिलं. त्यात एक वाक्य होतं की वर्गात मी नेहमीच 'गॅऱ्युलस' राहिले आहे. यादीत या शब्दापुढे 'टॉकेटिव्ह' लिहिलेलं असतं, टॉकेटिव्ह म्हणजे बोलका, आणि वर्गात बोलकं असणं चांगलंच की. तिच्या बाजूने सगळं गणित बरोबर होतं.

मी तिला विचारलं, "बोलका, बोलघेवडा आणि वाचाळ यांत फरक काय?"

तिने डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगितलं. "बोलका म्हणजे चांगलाच ना काका. बोलघेवडं लहान मुलाला म्हणतात, कौतुकाने. मोठ्या माणसाला म्हटलं तर थोडा टोमणा. आणि वाचाळ म्हणजे शिवीच, ते पुढाऱ्यांना म्हणतात."

"आणि बडबड्या?"

"ते मित्राला."

'गॅऱ्युलस' हा बोलक्याचा नाही, वाचाळाच्या गोटातला. मराठीतला हा फरक तिला कुणी शिकवलेला नव्हता. शाळेत 'वाचाळ' शब्दासमोर 'फार बोलणारा' एवढंच लिहून घेतलं असणार. बाकीचं सगळं तिने आजीकडून, शेजाऱ्यांकडून, टीव्हीवरच्या भांडणांतून उचललं होतं. शब्द कुणी, कुणाला, कोणत्या चेहऱ्याने वापरला हे तिच्या कानाने टिपून ठेवलं होतं. असा तिखट कान असलेली मुलगी इंग्रजी लिहायला बसली की तो कान कुठे ठेवून येते, हा माझा प्रश्न आहे. आणि तो तिच्या एकटीचा नाही.

मराठीत आपण एका शब्दासाठी किती मजले चढतो-उतरतो पाहा. फॉर्मवर 'दिनांक' लिहितो, पण घरी 'आज तारीख काय?' असंच विचारतो. कार्याच्या पत्रिकेत 'भोजन' असतं, पंगतीत 'जेवण' असतं आणि आचाऱ्याशी ठरवताना 'पान' असतं, म्हणजे पानाचा दर काय तो बोला. बायकोची ओळख करून देताना 'माझी पत्नी' म्हणणारा माणूस मित्रांत 'आमची बायको' म्हणतो. आणि 'भार्या' म्हणालाच तर सगळे समजतात की गडी आज नाटकी मूडमध्ये आहे. इंग्रजीचा वाडाही असाच तीन मजली आहे. तळमजल्यावर जुने घरगुती शब्द. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबार, कोर्ट आणि मेजवानी फ्रेंचमध्ये चालली, तो मधला मजला. वर विद्वानांनी थेट लॅटिन-ग्रीकमधून आणलेला माल. तिथे 'आस्क' आहे, 'क्वेश्चन' आहे आणि 'इंटरॉगेट' आहे. मित्राला आपण 'आस्क' करतो, साक्षीदाराला 'क्वेश्चन' करतात, आणि 'इंटरॉगेट' म्हटलं की खोलीत पोलीस आला. तिघांपुढे कोशात 'विचारणे' लिहिलेलं असू शकतं.

आपली अडचण अशी की आपण या वाड्यात वरच्या मजल्यावरून शिरलो. इंग्रजी आपल्याकडे स्वयंपाकघरातून आलं नाही, कोर्टाच्या कागदांतून, सरकारी हुकमांतून आणि १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांतून आलं. बाळाला अंगाईत किंवा मुलांना भांडणात जी इंग्रजी लागते ती आपल्याला पिढ्यान्पिढ्या लागलीच नाही. म्हणून आपल्या अर्जांत माणसं 'लिव्ह' करत नाहीत, 'रिसाइड' करतात. काम 'स्टार्ट' होत नाही, 'कमेन्स' होतं. पेन 'बाय' करत नाहीत, 'पर्चेस' करतात. पुढच्याला 'डू द नीडफुल' अशी विनंती करून मगच कागद खाली ठेवतात. मला या इंग्रजीचा राग नाही. त्यात एक प्रकारचा आदब आहे, पागोटं घातल्यासारखा. पण हीच श्रीमंत इंग्रजी असा समज करून त्यावर आणखी अवजड शब्द चढवणं म्हणजे नको तिथे वजन वाढवणं.

बरं, वजनाची हौस फक्त आपल्यालाच होती असंही नाही. सॅम्युएल जॉन्सनसारख्या जबरदस्त माणसाने १७५५च्या आपल्या इंग्रजी कोशात 'नेटवर्क', म्हणजे साधी जाळीची वीण, समजावताना 'रेटिक्युलेटेड', 'डेकुसेटेड', 'इंटरस्टिसेस' असे शब्द घातले. ज्याला जाळी कळत नाही त्याला हे काय कळणार! लोक त्या व्याख्येला अजून हसतात.

या विषयातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा माणूस मायकेल वेस्ट. १९२०च्या दशकात तो ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होता. बंगाली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि तरी त्यांना सहज वाचता येत नाही, हे त्याला दिसत होतं. त्याने पाठ्यपुस्तकं उघडून पाहिली तर पानापानावर नवे शब्द दाटीवाटीने बसलेले, त्यातले कितीतरी जुनाट. त्याने 'आइल' काढून 'आयलंड' घातला, 'नॉट' काढून 'नथिंग' घातला, 'प्लाइट' काढून 'ट्रबल' घातला. दर पानाला नवे शब्द मोजके ठेवले आणि आलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटेल अशी सोय केली. पुढे १९५३ साली त्याने सुमारे २००० अत्यावश्यक शब्दांची जी यादी प्रसिद्ध केली ती जगभर शिकवणाऱ्यांनी वापरली. साहेब असूनही त्याला हिंदी उपखंडातल्या मुलाची खरी नड कळली होती. मुलाला शोभेचे शब्द नको होते, पान संपवता येण्याचं सुख हवं होतं.

२००० शब्द म्हणजे काय, तर पायरी. त्यावर थांबून वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचता येत नाही. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली मांडलेला हिशेब असा की कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायचं तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. 'हेल्प', 'हेल्पफुल', 'हेल्पलेस' हे सगळं मिळून एक कुळ. तेवढी असली तर मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे होतात, म्हणजे दर पन्नासात एक अनोळखी, ज्याचा अंदाज आजूबाजूवरून बांधता येतो. आता गंमत अशी की २००० आणि ९०००च्या मधला जो पट्टा आहे, तोच आपण सोडून देतो. शाळेने पहिले २००० दिले, क्लासने 'पल्क्रिट्यूड' (म्हणजे सौंदर्य) दिला, आणि मधले 'रिलक्टंट', 'फ्लिम्झी', 'टीडियस', 'वेअरी', 'ब्रिटल', 'प्लॉझिबल', 'थ्राइव्ह' वाऱ्यावर. हे शब्द दिसायला भारी नाहीत, त्यामुळे कुणी त्यांची कार्डं करत नाही. पण इंग्रजीत विचार करायला हेच लागतात. एखादं कारण खोटं आहे असं म्हणायचं नाही आणि खरं आहे असंही नाही, पटण्यासारखं आहे इतकंच म्हणायचं आहे, तर 'प्लॉझिबल' हवा. त्याच्याशिवाय माणूस तीन वाक्यं बोलतो आणि तरी मनातलं राहून जातं.

शब्द संगतीवरून ओळखावा, असं जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली लिहून ठेवलं. आपल्याकडे तेच काम त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी मोल्सवर्थने करून दाखवलं होतं. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. इंग्रज लष्करी अधिकारी, पण मराठी शब्दाखाली नुसता प्रतिशब्द देऊन तो मोकळा होत नाही. वाक्प्रचार देतो, म्हणी देतो, शब्द कशाला लागतो ते सांगतो. पंडितांना हाताशी धरून त्याने आपली भाषा अशी नांदती उचलली. आपण त्याची भाषा शिकताना मात्र 'अमुक बरोबर तमुक' असं बीजगणित केलं.

मे २०१७ची गोष्ट आठवत असेल. शशी थरूर यांनी एका वृत्तवाहिनीच्या आरोपांना ट्विटरवर उत्तर देताना 'फरागो' हा शब्द वापरला आणि देशभर लोकांनी शब्दकोश उघडले. दोन दिवसांत 'फरागो'चे विनोद झाले, टीशर्टवर जाण्याच्या लायकीचे. खरं तर त्यांच्या वाक्यात तो शब्द चपखल होता. फरागो म्हणजे भेसळीचा काला, आणि त्यापुढे बहुधा काहीतरी वाईट येतं: विपर्यासांचा, खोटेपणाचा. शिवाय त्या वाक्याला तालासुरातला राग होता. लोकांनी घेतला तो सुटा शब्द. नंतर मी एका निरोप समारंभात 'फरागो ऑफ मेमरीज' ऐकलं आहे. ज्यांचा निरोप होता ते गृहस्थ गहिवरले होते, त्यामुळे मीही टाळ्या वाजवल्या.

मुळांवरून शब्द शिकण्याची पद्धत आपल्याला जरा जास्त मानवते, हे मान्य करायला हवं. सर विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमाच्या असाव्यात असं सांगितलं, त्याचा फायदा मराठी मुलाला फुकटात मिळतो. 'डेंटल'मध्ये दंत दिसतो, 'नॉव्हेल'मध्ये नव. मला स्वतःला आवडतो तो 'सब्जुगेट', म्हणजे जिंकून ताब्यात ठेवणे. यातला 'जुगुम' म्हणजे लॅटिनमधलं बैलाचं जू. संस्कृत 'युग' त्याचाच भाऊ, आणि आपलं 'जू' त्या युगाचंच पोर. रोमन लोक हरलेल्या सैन्याला खरोखर भाल्यांच्या जोखडाखालून वाकून जायला लावत. ज्याने बैलाच्या मानेवर जू पाहिलं आहे त्याला हा शब्द कार्डावर लिहावा लागत नाही. पण मुळं दगाही देतात. 'इग्रीजिअस'चं मूळ पाहिलं तर कळपातून वेगळा उठून दिसणारा, म्हणजे श्रेष्ठ. पूर्वी तसा अर्थ होताही. आज तो शब्द घोडचुकीलाच लावतात. वंशावळीवरून माणसाचा स्वभाव जितका कळतो तितकाच मुळावरून शब्दाचा.

माझी स्वतःची इंग्रजी जी काही सुधारली ती क्रिकेटच्या पानावर. घरी इंग्रजी पेपर वडिलांच्या हट्टाने यायचा आणि मी शेवटच्या पानापासून वाचायचो. आदल्या दिवशी रेडिओवर किंवा टीव्हीवर सामना अनुभवलेला असल्यामुळे काय घडलं ते आधीच ठाऊक, फक्त ते सांगायचं कसं तेवढं नवं. 'लँग्विड' मला इंग्लंडचा फलंदाज डेव्हिड गॉवर याच्यावरून कळला. तो आळशी नव्हता, थकलेला नव्हता, पण चेंडूला वेळच वेळ आहे अशा थाटात बॅट फिरवायचा. कोशात याला 'सुस्त' म्हणतात. गॉवरला सुस्त म्हणून बघा. 'बेलिजरंट' म्हणजे श्रीकांत. 'प्रॉफ्लिगेट' म्हणजे चौके खिरापतीसारखे वाटणारे आपले काही गोलंदाज, त्यांची नावं घेत नाही. 'रेझल्यूट' खूप नंतर आला, द्रविडबरोबर. यातला एकही शब्द मी पाठ केला नाही आणि एकही विसरलो नाही.

त्या मुलीला मी हेच सांगितलं तर ती म्हणाली, "मला क्रिकेट बघवत नाही काका." मग तिने तिची जागा शोधली. खुनांच्या तपासावरची पॉडकास्ट. 'अलेजेडली', 'लर्क', 'फर्टिव्ह', 'ॲलिबाय' हे शब्द ती महिनाभरात मराठीतल्यासारखे वापरू लागली, थोडे भीतिदायक संदर्भात का होईना.

आता तर भारी शब्दांची उरलीसुरली पतही गेली आहे. पूर्वी अर्जात 'प्लेथोरा' दिसला की निदान पोराने मेहनत घेतली असं वाटायचं. आता मशीनला सांगितलं की ते क्षणात हवे तितके ओतून देतं. २०२४मध्ये तर संशोधकांनी दाखवून दिलं की वैद्यकीय शोधनिबंधांच्या सारांशांत 'डेल्व्ह' (खोलात शिरणे) हा शब्द अचानक भरमसाट वाढला, आणि तो लेखकांपेक्षा यंत्रांच्या हातचा होता. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या मसुद्यांत हल्ली सगळेच 'डेल्व्ह' करतात. मी त्यावर लाल रेघ मारतो. पोरं विचारतात, "यात चूक काय आहे?" चूक काहीच नसते. फक्त ते वाक्य कुणाचंच नसतं.

'गॅऱ्युलस' अर्थातच तिने काढला. त्या जागी लिहिलं की प्रयोगशाळा बंद करायला आलेल्या शिपाईमामांनी दिवे घालवेपर्यंत मी प्रश्न विचारत बसायचे. लांब झालं, पण तिला प्रवेश देणाऱ्यांना ती दिसली असावी. ऑगस्टमध्ये ती गेली.

तिथून तिचे जे मेसेज येतात त्यांत प्रबंधाचे शब्द नसतात. ते तिला येतात. तिला अडतं ते भाड्याच्या खोलीत. कपाटाची बिजागरी निखळली, घरमालकाला काय लिहू? सिंक तुंबलं की जो रबरी दट्ट्या लागतो तो दुकानात काय म्हणून मागू? डाव, झारा, उलथणं यांना वेगवेगळी नावं आहेत की सगळं स्पून? 'ऑब्फस्केट'चा अर्थ झोपेत सांगू शकणारी मुलगी लोखंडी सामानाच्या दुकानात हातवारे करत उभी होती. तळमजला आम्ही तिला दाखवलाच नव्हता, कारण आम्हीही तो पाहिलेला नाही.

परवा तिने विचारलं, "काका, सांडशीला काय म्हणतात?" मी 'टाँग्ज' म्हणणार होतो, पण ते चिमट्याला झालं. कोश पाहिले, इंटरनेट पाहिलं, एकही शब्द सांडशीच्या तोंडात बसेना. शेवटी तिने न्यू जर्सीतल्या मावशीला फोन केला. मावशी तीस वर्षं तिकडे आहे. ती म्हणाली, "शब्द कशाला शोधतेस? इथे मिळतच नाही ती. आईला सांग, येताना दोन आण. एक मलापण हवीये."